तिसरी पिन कापू नका

गणपतीच्या आधीचे दोन महिने माझ्या दुकानात गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरची रांग लागते. ऑर्केस्ट्रावाले येतात, कॉलेजच्या बँडमधली मुलं येतात, चर्चमध्ये वाजवणारे आणि लग्नाच्या संगीतात वाजवणारेही येतात. तक्रार बहुतेकदा एकच असते, स्पीकरमधल्या सततच्या गुणगुणीची : "ताई, हम येतोय." अ‍ॅम्प टेबलावर आला की मी लगेच मागचं झाकण उघडत नाही. आधी वायरच्या टोकाचा प्लग हातात घेते. वरची जाड पिन पकडीनं तोडलेले प्लग दर हंगामात माझ्याकडे येतात. तोडणारा अडाणी नसतो. कुठल्या तरी कार्यक्रमात कोणा साउंडवाल्यानं त्याला सांगितलेलं असतं, अर्थिंग काढून टाक, हम जाईल. तसं केल्यावर हम खरोखरच जातो, आणि म्हणून हा सल्ला एकाकडून दुसऱ्याकडे इतक्या विश्वासानं पोचतो.

तोडलेल्या पिनेचा अ‍ॅम्प दुरुस्त करून तसाच परत देणं मी बंद केलं आहे. आधी नवा प्लग, मग बाकीचं काम. गिऱ्हाईक नको म्हणालं तर अ‍ॅम्प आहे तसा घेऊन जावा.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजला टेकलेल्या असतात. ब्रिजपासून आतून एक बारीक वायर जॅकपर्यंत जाते, जॅकमधून केबलची जाळी अ‍ॅम्पच्या चॅसीला, म्हणजे पत्र्याच्या सांगाड्याला, जोडली जाते, आणि चॅसी प्लगच्या तिसऱ्या पिनेतून जमिनीला. वाजवणाऱ्याची बोटं पूर्ण वेळ या साखळीवर असतात. अ‍ॅम्पच्या आत ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं किंवा एखादी वायर सुटून पत्र्याला लागली, तर फेज चॅसीवर येतो. तिसरी पिन जागेवर असेल तर तो प्रवाह जमिनीकडे पळतो, फ्यूज उडतो, गाणं थांबतं आणि माणूस घरी जातो. पिन तोडलेली असेल तर 230 व्होल्ट शांतपणे तारांवर येऊन बसतात. एकट्या गिटारला हात लावून कदाचित काहीच जाणवणार नाही, कारण प्रवाहाला पुढे वाट नाही. ती वाट समोरच्या माइकमध्ये असते. माइकची जाळी मिक्सरमार्फत अर्थ झालेली असते. गाण्यासाठी ओठ तिला लागले की हातापासून तोंडापर्यंत वर्तुळ पूर्ण होतं, आणि मध्ये छाती येते.

घामेजलेल्या अंगाचा रोध हजार-दोन हजार ओहम धरला तरी शंभर मिलिअँपिअरच्या वर प्रवाह वाहू शकतो. हृदयाची लय बिघडायला याहून कमीही पुरतो. मंडपातल्या बोर्डावरचा एमसीबी अशा वेळी वाचवेल असं बऱ्याच जणांना वाटतं. तो 16 अँपिअरचा असतो. माणूस जातो 0.1 अँपिअरनं. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नसतो.

3 मे 1972 रोजी वेल्समधल्या स्वॉन्सी शहरात 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस हार्वी भर मंचावर विजेच्या धक्क्यानं गेला. अर्थिंग नीट नसलेला माइक त्यानं हातात धरला होता. त्याआधी 1965 च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत 'रोलिंग स्टोन्स'च्या कीथ रिचर्ड्सची गिटार माइकला लागली आणि तो बेशुद्ध पडला. पायातल्या रबरी तळव्यांच्या बुटांनी तो वाचला असं सांगतात. 'यार्डबर्ड्स'चा गायक कीथ रेल्फ 1976 साली स्वतःच्या घरात गिटार वाजवताना गेला. ही नावं मोठी म्हणून नोंदली गेली. आपल्याकडे ओठांना झिणझिण्या आल्या की गायक माइकला रुमाल गुंडाळतो आणि पुढचं कडवं सुरू करतो. शेकडो मंचांवर हे सर्रास चालतं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. रुमाल घामानं ओला होतो, आणि ओला रुमाल वीज अडवत नाही.

आता हमबद्दल, कारण माणसं पिन तोडतात ती त्याच्यापायी. अ‍ॅम्प एका बोर्डावर आणि मिक्सर दुसऱ्या बोर्डावर, दोन्ही अर्थ झालेले आणि मधून सिग्नलची केबल गेलेली, असं झालं की अर्थच्या दोन वाटांमधून एक चकली तयार होते. मेन्सचे 50 हर्ट्‌झ तिच्यात घुसतात आणि स्पीकरमधून गुणगुणतात. पिन तोडली की चकली तुटते, आवाज थांबतो. चकली तोडायला दुसऱ्या जागा आहेत. अ‍ॅम्प, पेडल आणि मिक्सर एकाच बोर्डावरून, एकाच फेजवर घ्या. बऱ्याचदा तेवढ्यानंच काम होतं. तेवढ्यानं झालं नाही तर मिक्सरकडे जाणाऱ्या सिग्नलच्या वाटेत डीआय बॉक्स लावा. त्यावर 'ग्राउंड लिफ्ट' नावाचं छोटं बटण असतं. ते सिग्नलच्या केबलची जाळी तोडतं, मेन्सच्या अर्थला हात लावत नाही. हम दोन्हीकडे सारखाच जातो, फक्त एका रीतीनं माणूस सुरक्षित राहतो.

हम कुठला आहे हे कानानंही ओळखता येतं, आणि ही कसोटी मला फार आवडते. सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट दाबून वाजवा. तो जी सूर, सुमारे 98 हर्ट्‌झ. अ‍ॅम्पची गुणगुण त्याच्या अगदी लगत, किंचित वर लागली, तर ती 100 हर्ट्‌झची. याचा अर्थ दोष बहुधा अ‍ॅम्पच्या पोटात आहे. पॉवर सप्लायमधले मोठे कपॅसिटर वाळले आहेत आणि रेक्टिफायरनंतरचा खळखळाट त्यांना गाळता येत नाही. गुणगुण त्याच सुराच्या खालच्या सप्तकात असेल तर ती 50 ची : चकलीची, नाही तर कुठे तरी अर्थ सुटल्याची. आणि आवाज गुणगुणीऐवजी करकरीत झिरझिर असेल, दिवे मंद-तेज होताना बदलत असेल, तर तो लाईटवाल्याच्या डिमरचा आहे. त्यासाठी अ‍ॅम्प उघडून काही उपयोग नाही. डिमर वेगळ्या फेजवर घ्यायला सांगा.

माझे वडील पुण्याच्या बुधवार पेठेत व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करायचे. मोठ्या रेडिओंत आवाज देणारा ईएल84 नावाचा व्हॉल्व्ह असे. बीटल्सनी वाजवलेल्या व्हॉक्स एसी30 या इंग्लिश अ‍ॅम्पमध्ये तेच ईएल84 चार बसवलेले असतात. अमेरिकेत लिओ फेंडरनंही 1938 साली फुलरटन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकूनच सुरुवात केली होती. गिटारचा अ‍ॅम्प रेडिओवाल्यांच्या टेबलावर जन्मला, म्हणून ज्याला जुना रेडिओ समजतो त्याला हा समजतोच. वडिलांनी मला सगळ्यात आधी शिकवलं ते सोल्डरिंग नव्हे. चालू सेटमध्ये एक हात घालताना दुसरा पाठीमागे ठेवायचा, हे शिकवलं. एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी वीज छातीतून जाते.

म्हणून एक गोष्ट इथेच सांगून टाकते. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प घरी उघडू नका. आत 400 व्होल्ट किंवा त्याहून जास्त असतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते बराच वेळ साठून राहू शकतात. व्हिडिओ पाहून उघडलेले अ‍ॅम्प माझ्याकडे येतात तेव्हा मला अ‍ॅम्पची काळजी वाटत नाही.

झाकण न उघडता करता येण्यासारखं मात्र खूप आहे, आणि कार्यक्रमाच्या रात्री बिघडणाऱ्या बहुतेक गोष्टी झाकणाच्या बाहेरच असतात. पहिली केबल. आवाज खरखरला, तुटला की केबल बदला, तीही पेडलच्या आधीची आणि नंतरची वेगवेगळी. गिटार थेट अ‍ॅम्पला लावून पाहिली तर निम्मं कोडं सुटतं. त्यानंतर एक असा दोष, जो इतक्या जणांना इतकी वर्षं छळत आला आहे की मी आता फोनवरच विचारते : वाजवता वाजवता आवाज आपोआप बसतो आणि एखादी तार जोरात छेडली की परत उसळतो, असं होतंय का? होत असेल तर अ‍ॅम्पच्या मागे 'सेंड' आणि 'रिटर्न' लिहिलेले दोन जॅक पाहा. तिथे काहीच लावलेलं नसतं तेव्हा सिग्नल रिटर्न जॅकच्या आतल्या एका पातळ पत्तीतून पुढे जातो. पुण्या-मुंबईच्या दमट हवेत त्या पत्तीवर गंज चढतो. छोटी पॅच केबल घेऊन सेंडमधून रिटर्नमध्ये लावा. आवाज परत आला तर दोष सापडला, आणि कार्यक्रम त्याच केबलवर पार पडेल. दुसऱ्या दिवशी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून जॅक दहा-वीस वेळा आत-बाहेर केला की बहुधा काम संपतं. याच दोषासाठी आख्खा पॉवर विभाग बदलायला सांगितलेली मुलं माझ्याकडे आली आहेत. त्यांना तसं सांगणाऱ्यांचा मला राग येतो.

नॉब फिरवताना खरखर आली तर तेच क्लीनर. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमधून किणकिण, शिट्टी किंवा घंटेसारखा नाद येत असेल तर छोट्या व्हॉल्व्हवर पेन्सिलीनं हलकेच टिचकी मारा. जो स्पीकरमधून ठणठणीत बोलेल तो बदला. 12एएक्स7 आणि ईसीसी83 ही एकाच व्हॉल्व्हची अमेरिकन आणि युरोपीय नावं आहेत, एक जवळ असू द्या. फ्यूज गेला तर पेटीवर लिहिलेल्याच आकड्याचा लावा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून लावलेला फ्यूज म्हणजे फ्यूज नाहीच. नवा लावल्याबरोबर तोही गेला तर आत काही तरी शॉर्ट आहे. तिसरा लावू नका, त्या रात्री गिटार डीआयमधून थेट मिक्सरला द्या. आणि व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकर न जोडता कधी चालू करू नका. भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि त्या अ‍ॅम्पमधला तोच सगळ्यात महाग भाग असतो.

अ‍ॅम्प किती मोठा घ्यावा हे मला रोज विचारतात. लहान घ्या. शंभर वॉटचा अ‍ॅम्प दहा वॉटच्या दहापट मोठा ऐकू येत नाही. कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. तीस आणि पंधरा वॉटमध्ये फरक फक्त 3 डेसिबलचा. 1960 च्या दशकात मोठ्या मैदानात गिटारचा आवाज अ‍ॅम्पलाच न्यावा लागे, म्हणून मार्शलच्या त्या उंच भिंती उभ्या राहिल्या. आज स्वारगेटच्या गणेश कला क्रीडा मंचात असो वा गावच्या जत्रेत, लोकांपर्यंत आवाज साउंड सिस्टीम पोचवते. स्पीकरच्या कापडासमोर शूरचा एसएम57 माइक धरला की पंधरा वॉटचा अ‍ॅम्पही हजारो लोकांना पुरतो. तो जमिनीवर ठेवू नका. आवाज तुमच्या पोटऱ्यांना लागतो, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुम्ही वाढवता, समोर बसलेल्यांचे कान फाटतात, आणि मंचाच्या पोकळ प्लायमुळे खर्ज घुमतो तो वेगळाच. स्टुलावर किंवा खुर्चीवर ठेवा, मागे थोडा कलता, म्हणजे तो तुमच्या कानाशी बोलेल. भाड्यानं रोलंड जेसी-120 मिळत असेल तर बिनधास्त घ्या. 1975 पासून बनणारा हा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प आहे. त्यात व्हॉल्व्ह फुटायची भीती नाही, आणि कुठल्याही गावात तो तसाच वाजतो.

अमेरिकेहून येणाऱ्या अ‍ॅम्पबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. न्यू जर्सीतला मामा किंवा सॅन होजेतला भाऊ सुट्टीला येताना प्रेमानं अ‍ॅम्प आणतो. तो 120 व्होल्टचा असतो. इथल्या सॉकेटला लावला की नशीब असेल तर फ्यूजवर निभावतं, नाही तर ट्रान्सफॉर्मरवर. काही अ‍ॅम्पच्या मागे व्होल्टेज बदलायची खटकी असते, ती आधी पाहा. नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि इथेच पुन्हा ती तिसरी पिन हरवते. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त स्टेप-डाउन डब्यांना बाहेरच्या बाजूनं दोनच भोकं असतात. अमेरिकन प्लगची गोल अर्थ पिन त्यात बसत नाही, म्हणून कोणी ती तोडतं, कोणी मध्ये दोन पिनांचा अडॅप्टर घालतं. घेताना अर्थ आरपार नेणाराच डबा घ्या आणि मीटर लावून खात्री करा. फार जुना अमेरिकन अ‍ॅम्प असेल तर आणखी एक धोका. त्यात मेन्सच्या एका वायरीपासून थेट चॅसीपर्यंत एक कपॅसिटर टाकलेला असतो. आमच्या धंद्यात त्याला 'डेथ कॅप' म्हणतात. तो काढून तीन पिनांची वायर बसवल्याशिवाय असा अ‍ॅम्प वाजवायचा नाही, मग तो कितीही दुर्मीळ असो. तिकडची वीज 60 हर्ट्‌झची आणि आपली 50 ची, त्यामुळे हे ट्रान्सफॉर्मर इथे जास्त तापतात. मागची जाळी मोकळी ठेवा.

आता मंचाकडे येते, कारण गिटारवाल्यानं सगळं नीट केलं तरी भिंतीतल्या सॉकेटमध्ये अर्थ नसेल तर त्याची तिसरी पिन हवेतच लटकते. माझं सगळ्यात मोठं म्हणणं इथेच आहे. महावितरण दर वर्षी गणेश मंडळांना सांगतं, अधिकृत तात्पुरती जोडणी घ्या, वायरिंग परवानाधारक कंत्राटदाराकडून करून घ्या. बरीच मंडळं ते करतातही. पण जोडणी रोषणाईचा विचार करून होते. वादकांचा बोर्ड म्हणजे लाईटच्या बोर्डातून शेवटी ओढलेली दोन पदरी वायर, तिला टेपनं जोडलेलं एक्स्टेंशन, आणि त्यात चार्जरपासून कीबोर्डपर्यंत सगळं. सॉकेटला तीन भोकं दिसतात, पण आत तिसरी वायरच नसते. कधी कीबोर्ड एका फेजवर आणि गिटार दुसऱ्यावर असते. अशा वेळी दोन वादकांच्या हातांमधल्या वाद्यांत, काही बिघडलंच तर, 400 व्होल्टपर्यंत अंतर पडू शकतं. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल सुटला तर 230 च्या जागी बरंच जास्त व्होल्टेज येतं आणि एकाच वेळी दोन-तीन अ‍ॅम्प धूर सोडतात. दोष अ‍ॅम्पच्या कंपनीवर जातो.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. वादकांना वेगळा बोर्ड द्या, एकाच फेजवर, तीन पदरी वायरनं, आणि त्याच्या तोंडाशी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह सतत ताडून पाहतो. फरक पडला, म्हणजे काही प्रवाह माणसातून जमिनीकडे वळला, की तो क्षणार्धात वीज तोडतो. साउंडच्या एका दिवसाच्या भाड्याहून तो स्वस्त आहे आणि वर्षानुवर्षं चालतो. जनरेटर लावला असेल तर त्याचा न्यूट्रल आणि सांगाडा दोन्ही जमिनीत नीट अर्थ करा, नाही तर आरसीसीबीला फरक कळणारच नाही. महापालिकांच्या नाट्यगृहांनी अर्थिंग शेवटचं कधी तपासलं त्याची तारीख विंगेतल्या बोर्डाशेजारी लिहून लावावी. लिफ्टमध्ये तपासणीची तारीख लागते. रंगमंचावर तर रोज माणसं अनवाणी उभी असतात.

आयोजक सांगतात, वेळ नाही. तपासायला पाच मिनिटंही लागत नाहीत. साध्या मल्टिमीटरनं फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्ट, एवढं दिसलं पाहिजे. फेज-अर्थला शंभराच्या आसपास काही तरी भलतंच दिसलं तर अर्थ तुटलेला आहे असं धरा. मग सगळं जोडून, चालू करून, मीटरची एक कांडी माइकच्या जाळीला आणि दुसरी गिटारच्या तारेला लावा. तिथे व्होल्टेज जवळपास शून्य हवं. पन्नास-साठ दिसलं आणि कोणी म्हणालं की हे नुसतं अडॅप्टरचं लीकेज आहे, तर ते खरंही असू शकतं, पण कुठून येतं ते सापडेपर्यंत माइकला तोंड लावू नका. मंचावरचे वायरमन हे काम उत्तम जाणतात. त्यांना विचारलं की ते मनापासून करतात, हा माझा अनुभव आहे. त्यांना कोणी विचारत नाही.

वादकांनी एक अवघड गोष्ट करायला हवी. बोर्ड नीट नसेल तर वाजवायचं नाही. तरुण मुलांना हे जड जातं. पहिली संधी असते, समोर गर्दी असते, आयोजक ओळखीचा असतो. म्हणून हे एकट्या गिटारवाल्यावर टाकू नका, ऑर्केस्ट्राच्या मालकानं आणि बँडच्या मॅनेजरनं करारातच लिहून घ्यावं : वादकांसाठी एका फेजचा, अर्थ तपासलेला, 30 मिलिअँपिअर आरसीसीबी असलेला स्वतंत्र बोर्ड; साउंड चेकच्या आधी मीटरनं दाखवून देणं आयोजकाकडे. मानधन, प्रवास आणि जेवण करारात असतंच, त्यांच्याखाली ही एक ओळ मावते. यंदाच्या गणपतीच्या सुपाऱ्या अजून घेतल्या जात आहेत, तेव्हा यंदाच्याच कागदात ती घाला. आणि ज्यांच्या अ‍ॅम्पची पिन आधीच तोडलेली आहे त्यांनी नवा प्लग आजच बसवून घ्यावा. जवळच्या कुठल्याही इलेक्ट्रिशियनला ते काही मिनिटांत जमतं, त्यासाठी माझ्याकडेच यायला हवं असं नाही.